क्लॅरी बेसेलच्या पंपातली हवा

ग्लेनिस पायबसने दुकानात पावाच्या रांगेत उभं राहून, चार माणसांच्या देखत जाहीर केलं की गुरुवारचा वर्ग एकदा झाला, की गॅनेट बेमध्ये एकही म्हातारा धापेचा पंप चुकीचा ओढताना दिसणार नाही.

"एकही?" गल्ल्यावरून रॉसने विचारलं. दुकान रॉसचं होतं आणि गावाची रुग्णवाहिकाही हौसेने तोच चालवायचा, त्यामुळे या विषयात त्याला दोन्हीकडून रस होता.

"एकही."

"क्लॅरी बेसेल धरून?"

"क्लॅरी धरून."

रॉसने पाव पिशवीत घातला आणि पुढे काही बोलला नाही. गावात शहाणपणा असा चुपचाप दाखवायची पद्धत होती.

ग्लेनिस ही गॅनेट बेची एकुलती एक नर्स. मोठं इस्पितळ डोंगरापलीकडे तासाभरावर, म्हणून ताप, गळू, मोडलेलं बोट आणि मोडलेला संसार, सगळं आधी तिच्याकडे यायचं. पण गावाचं खरं दुखणं म्हणजे फुफ्फुसं. अर्धं गाव बोटींवर नाहीतर लाकडाच्या गिरणीत राबलेलं, आणि जवळजवळ सगळं गाव जन्मभर सिगारेटी ओढलेलं. आता त्यांची फुफ्फुसं जुन्या भात्यासारखी झाली होती. हलत होती, पण विस्तव काही फुलत नव्हता. प्रत्येकाच्या खिशात निळा पंप होता, आणि त्यातलं औषध फुफ्फुस सोडून सगळीकडे जात होतं. कुणाच्या जिभेवर, कुणाच्या टाळूला, आणि क्लॅरीच्या बाबतीत तर थेट हवेत. कळ दाबायची आणि त्याच क्षणी श्वास बाहेर सोडायचा, ही त्याची रीत. थंडीत बोटीचं इंजिन सुरू होताना नळीतून जसा धूर निघतो, तसा त्याच्या तोंडातून औषधाचा ढग निघायचा. त्यानंतर क्लॅरी समाधानाने म्हणायचा, "बरं वाटलं."

यावर उपाय ग्लेनिसने होबार्ट शहरातल्या प्रशिक्षणातून आणला होता. सरावाचे तीन पंप. आवाज तोच, फवारा तोच, पण आत औषध नाही, नुसती हवा. म्हणजे माणसाने दहादा चुकावं, काही बिघडत नाही. फक्त ते पंप दिसायला राखाडी होते आणि ग्लेनिसच्या मते म्हातारी माणसं ओळखीच्या वस्तूवरच शिकतात. म्हणून तिने राखाडी खोळींमधून धातूच्या नळकांड्या काढल्या आणि जपून ठेवलेल्या जुन्या निळ्या खोळींमध्ये बसवल्या. आता सरावाचा पंप हुबेहूब खऱ्यासारखा दिसू लागला. घोळ नको म्हणून तिन्ही खोळींच्या बुडाला तिने लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.

ठिपका खोळीला दिला. नळकांडीला नाही. आपल्या हुशारीवर ती इतकी खूश होती की हा फरक तिच्या ध्यानातही आला नाही.

गुरुवारी सकाळी गावाच्या हॉलमध्ये वर्ग भरला. स्कोन नावाचे गोडसर पाव आणि जॅम असल्याने हजेरी चांगली होती. निळे पंप घेऊन तिघं आले होते. डल्सी हॅरॉप, जिला गावातली प्रत्येक बातमी घडण्याआधी अर्धा तास कळते. मर्व्ह, निवृत्त मच्छीमार, मऊ स्वभावाचा. आणि क्लॅरी, जो अजून मच्छीमारच होता, कारण निवृत्त व्हायला त्याला कुणी सांगू शकलं नव्हतं. बाकीच्यांकडे दुसऱ्या तऱ्हेची यंत्रं होती. त्यांतल्या एका आजीबाई ओढायची कॅप्सूल कित्येक महिने चहाबरोबर गिळत होत्या. तेवढं एक समजलं तरी वर्ग सार्थकी लागला, असं ग्लेनिसला वाटलं.

"आधी हलवायचा," तिने दाखवलं. "मग श्वास पूर्ण बाहेर. ओठ घट्ट. आता कळ दाबायची आणि सावकाश, अगदी सावकाश, आत ओढायचं. आणि दहा मोजेपर्यंत दम रोखून धरायचा."

डल्सीने पंप तोंडापासून वीतभर लांब धरला आणि अत्तर मारावं तसा फवारा गालावर मारला.

"डल्सी, तोंडात."

"अगं, तोंडातच मारतेय मी. तोंड मध्येच हलतं त्याला मी काय करू?"

क्लॅरीची पाळी आली. त्याने पंप हलवला नाही. श्वास सोडला नाही. दाबला आणि ढग काढला.

"क्लॅरी, तुम्ही श्वास आत घ्यायच्या ऐवजी बाहेर सोडताय."

"आत काय, बाहेर काय. हवा ती हवा."

"आत गेली तरच औषध लागू पडेल ना."

"पोरी," क्लॅरी म्हणाला. ग्लेनिसची पन्नाशी आली होती, पण क्लॅरीने तिला परकरात पाहिलं होतं, म्हणजे आपल्याकडचा शब्द वापरायचा तर परकरात. तिथे ती अर्ध्या चड्डीत होती. "पोरी, तू जन्मायच्या आधीपासून मी श्वास घेतोय."

वर्ग हसला. ग्लेनिसही हसली, पण आतून चरफडली. तिने त्याला परत परत करायला लावलं. एकदाही जमलं नाही. शेवटी तिने त्याला स्पेसर दाखवला. पंपाला जोडायची प्लास्टिकची बाटलीसारखी पोकळ नळी, जिच्यात औषध साठतं आणि माणूस सवडीने ओढू शकतो. क्लॅरीने ते उलटंसुलटं करून पाहिलं. "दुधाची बाटली आहे," तो म्हणाला. "मला नको."

मग धुण्याचा धडा. पंपाच्या तोंडाशी औषध साचून भोक बुजतं, म्हणून नळकांडी काढून ठेवायची आणि नुसती खोळ कोमट पाण्याने धुवायची. ग्लेनिसने सरावाचे तीन आणि लोकांचे तीन, सगळे पंप उघडले, नळकांड्या ओट्यावर ठेवल्या, खोळी धुतल्या आणि हीटरसमोर फडक्यावर वाळत घातल्या. एवढ्यात बाहेर कुणाची तरी गाडी दुसऱ्या गाडीच्या आड आली म्हणून तिला हाक आली. ती गेली आणि आली. तोवर डल्सीने सहाच्या सहा पंप जोडून ओळीने मांडून ठेवले होते.

"म्हटलं, तुझं काम हलकं करावं," डल्सी म्हणाली. किटलीच्या वाफेने तिचा चष्मा दुधाळ झाला होता.

"डल्सी, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं," ग्लेनिस म्हणाली.

लोक पांगले. ग्लेनिसने बशा धुतल्या, खुर्च्या रचल्या आणि सरावाचे तीन पंप पेटीत ठेवताना सहज म्हणून एकाची नळकांडी वर ओढून पाहिली. कोरी होती. सरावाच्या नळकांड्यांवर काही छापलेलं नसे. दुसरी पाहिली. कोरी. तिसरी पाहिली.

तिसरीवर औषधाचं नाव छापलेलं होतं.

ग्लेनिस खाली बसली. खुर्च्या रचून झालेल्या होत्या, त्यामुळे जमिनीवरच बसली. लाल ठिपक्याच्या खोळीत खरं औषध तिच्याकडे होतं. याचा अर्थ गावात कुणाच्या तरी खिशात खऱ्या खोळीत नुसती हवा होती. त्या माणसाला रात्री धाप लागली, तर तो पंप काढून, तिने शिकवल्याप्रमाणे ओढून, नुसती हवा खाणार होता.

तीन माणसं. तिने डल्सीला फोन लावला.

"डल्सी, तुमचा पंप काढा आणि आतली नळकांडी वर ओढून बघा. काही छापलंय का?"

"थांब हं, चष्मा शोधते. तुला म्हणून सांगते, जॅमला आज जरा आंबटपणा होता. कुणी केला होता?"

"डल्सी, आधी पंप."

"बघतेय ना." खुडबुड झाली. कपाट उघडलं, बंद झालं. मांजराशी काही बोलणं झालं. ग्लेनिसने खिडकीतून पाहिलं. सकाळी आरशासारखी असलेली खाडी आता सुरकुतायला लागली होती. दुपारी दक्षिणेचा वारा सुटणार असं रेडिओने सांगितलं होतं आणि दक्षिणेचा वारा म्हणजे सरळ ध्रुवाच्या बर्फावरून आलेला वारा. निरोगी माणसालाही छातीत कळ आणतो.

"छापलंय," डल्सी म्हणाली. "लांबलचक नाव आहे. वाचू?"

"नको. म्हणजे मर्व्ह नाहीतर क्लॅरी. डल्सी, क्लॅरी कुठे दिसला का तुम्हाला?"

"धक्क्यावर गेला ना तो. शेवंडांचे पिंजरे उचलून येतो म्हणाला, वारा सुटायच्या आत. का गं?"

आता ग्लेनिसने गप्प बसायला हवं होतं. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडाला कडी नसते. "त्याच्या पंपात नुसती हवा असेल तर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

डल्सीने त्या वाक्याचं पुढे काय केलं ते ग्लेनिसला नंतर कळलं. डल्सीने शेजारणीला सांगितलं की क्लॅरीत नुसती हवाच उरलीय. शेजारणीने दुकानात सांगितलं की क्लॅरीची हवा गेली. दुकानातून ते हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्यांच्या बोलिंग क्लबात पोचलं तोवर क्लॅरी गेला होता. क्लबाच्या सेक्रेटरीने झेंडा अर्ध्यावर आणला आणि दुपारचा सामना रद्द करायचा की क्लॅरीच्या स्मरणार्थ खेळायचा, यावर बैठक बसली.

ग्लेनिस तोवर गाडीने मर्व्हच्या दारात पोचली होती. मर्व्ह धक्क्याला लागूनच राहायचा. त्याने काही न विचारता पंप काढून दिला. नळकांडीवर नाव छापलेलं होतं.

"मग क्लॅरीच," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

मर्व्हने समुद्राकडे पाहिलं. "सील रॉकच्या मागे असेल. पिंजरे तिकडेच आहेत त्याचे."

"रेडिओवर सांगता येईल?"

"रेडिओ आहे त्याच्याकडे. लावत नाही. म्हणतो, शांततेसाठी तर समुद्रात जातो."

"आणि तिथे पिंजरे ओढताना त्याला धाप लागली तर?"

"रोजच लागते," मर्व्ह म्हणाला. "चल."

मोठ्या बोटी सगळ्या बाहेर होत्या. मर्व्हची छोटी होडी धक्क्याला बांधलेली होती. ग्लेनिसने रॉसला फोन करून दोन वाक्यांत सांगितलं, रुग्णवाहिका धक्क्यावर आण म्हणाली आणि होडीत उतरली. खरा पंप तिच्या अंगरख्याच्या खिशात होता. घाईत स्पेसर गाडीतच राहिला, हे तिला दोर सुटल्यावर आठवलं. पण दोर सुटला होता आणि इंजिन सुरू होत नव्हतं.

मर्व्हने इंजिनाची दोरी ओढली. इंजिन खोकलं. मर्व्हही खोकला. त्याने पुन्हा ओढली आणि होडीच्या काठावर टेकून बसला. इंजिनापेक्षा त्याचीच घरघर मोठी ऐकू येत होती.

"मर्व्ह, तुम्ही बसा. मी ओढते. कसं करायचं सांगा."

"आधी ती... ती पट्टी..." मर्व्हने श्वास घेतला. "पुढे." श्वास. "तेवढी नाही." श्वास. "आता सावकाश नाही, झटक्यात."

सकाळभर दुसऱ्यांना सावकाश ओढा म्हणून सांगणाऱ्या ग्लेनिसने झटक्यात ओढलं. दोरी हातातून निसटली आणि ती मागे मर्व्हच्या मांडीवर पडली. पुढच्या खेपेला खांद्यातून कळ गेली. त्यापुढच्या खेपेला इंजिन लागलं. धक्क्यावर तोवर दोनचार माणसं जमून हात हलवत होती. ती निरोप देतायत की परत बोलावतायत, हे कळायला मार्ग नव्हता.

खाडीच्या तोंडाशी वाऱ्याने गाठलं. पाणी राखाडी झालं आणि होडी प्रत्येक लाटेवर चढून पलीकडे आपटू लागली. ग्लेनिसने एका हाताने काठ आणि दुसऱ्या हाताने खिसा धरला होता. मर्व्हने स्वतःचा पंप काढून त्यात उरलेला शेवटचा फवारा ओढला. हलवला, श्वास सोडला, ओठ मिटले, सावकाश ओढला. ते तिने पाहिलं आणि तिला रडू यायचंच बाकी राहिलं.

"मर्व्ह, त्याला काही झालं तर?"

"काही होत नाही."

"मीच मारला असं होईल."

"हो," मर्व्ह म्हणाला. तो मऊ होता, पण खोटं बोलत नसे. "तेवढं होईल."

सील रॉकला वळसा घातला आणि क्लॅरीची होडी दिसली. इंजिन बंद, होडी लाटांना आडवी झालेली. एक पिंजरा अर्धा वर ओढून दोर कसाबसा खुंटीला गुंडाळलेला. मधल्या फळीवर क्लॅरी बसला होता, कोपरं गुडघ्यांवर टेकून, खांदे कानांपर्यंत चढलेले. माणूस असा बसला की नर्सला लांबूनच कळतं. त्याला बाकी जगात काहीही नको असतं, फक्त पुढचा श्वास हवा असतो.

त्याच्या हातात निळा पंप होता.

ग्लेनिस बघत राहिली. क्लॅरीने पंप हलवला. मान मागे टाकून श्वास बाहेर सोडला, होता नव्हता तेवढा. ओठ घट्ट मिटले. कळ दाबली आणि सावकाश, अगदी सावकाश, ओढला. मग दम रोखला. त्या अवस्थेत, जांभळ्या पडलेल्या ओठांनी, तो दम रोखून बसला. तोंडातून ढगाचा एक धागाही बाहेर आला नाही.

पुस्तकात चित्र काढून ठेवावं इतकं ते अचूक होतं. सकाळी एकदाही न जमलेलं सगळं त्याला जमलं होतं. ग्लेनिसच्या मनात क्षणभर अभिमान दाटून आला, आणि दुसऱ्याच क्षणी तो काय ओढतोय ते तिला आठवलं.

"क्लॅरी," ती ओरडली, "ते ओढू नका."

क्लॅरीने मान वर केली. बोलायला हवा नव्हती. त्याने फक्त तिच्याकडे पाहिलं. आजवर शिकवून शिकवून ज्यांनी त्याला छळलं, त्या सगळ्यांचा हिशोब त्या नजरेत होता. आता ती समुद्रातही आली होती आणि अजून चुकाच काढत होती.

"फेक त्याच्याकडे," मर्व्ह म्हणाला. दोन्ही होड्यांच्या मधे दोन हात अंतर होतं आणि खालचं पाणी वरखाली होत होतं.

ग्लेनिसने फेकला. पंप क्लॅरीच्या छातीवर आपटला, आणि क्लॅरीने हात उचलायच्या आत त्याच्या पायाशी असलेल्या आमिषाच्या बादलीत पडला. कापलेल्या माशांच्या आतड्यांत तो बुडबुडत खाली गेला. क्लॅरीने बादलीकडे पाहिलं. वाकायची ताकद त्याच्यात नव्हती.

मग ग्लेनिसने उडी मारली. म्हणजे तिने उडी मारायचं ठरवलं. एक पाय पलीकडच्या होडीत पडला, दुसरा अलीकडेच राहिला, आणि दोन्ही होड्यांनी एकमेकींपासून दूर व्हायचं ठरवलं. मर्व्हने तिला कमरेतून ढकललं आणि ती क्लॅरीच्या होडीत तोंडावर आपटली. गुडघा फुटला. तिने पाहिलंही नाही. कोपरापर्यंत हात बादलीत घातला आणि पंप काढला. तोंडाशी आतडं अडकलेलं, आत बोटाएवढी शेपटी.

तिने नळकांडी ओढून काढली, अंगरख्याला पुसली. क्लॅरीच्या मुठीतला पंप घेतला. त्याची बोटं गार होती आणि पंप सुटत नव्हता.

"क्लॅरी, सोडा. मी देते. खरं औषध देते."

बोटं सुटली. तिने हवेची नळकांडी काढून टाकली, खरी आत बसवली. बसेना. तिची बोटं चरबीने निसटत होती. बसली. एक फवारा हवेत सोडून पाहिला.

"ओढा."

क्लॅरीने ओढायचा प्रयत्न केला, पण आता तो सावकाश काहीच करू शकत नव्हता. वरच्या वर उथळ श्वास, उचकीसारखे. औषध ओठांवरच राहिलं. स्पेसर हवा होता आणि स्पेसर गाडीत होता.

"मर्व्ह, प्लास्टिकची बाटली आहे?"

मर्व्हने जिंजर बिअरची बाटली फेकली. ही तिने झेलली. पाणी ओतावं तशी ती समुद्रात रिकामी केली आणि आमिषाचा सुरा उचलून बुडाला भोक पाडलं. सुरा बोटाला लागला, तेही तिने पाहिलं नाही. भोकात पंपाचं तोंड दाबून बसवलं, बाटलीचं तोंड क्लॅरीच्या ओठांत दिलं. बाटलीत फवारा सोडला. आत पांढरं धुकं भरलं.

"जसा येतो तसा श्वास घ्या. घाई नाही. मी कुठे जात नाही."

धुकं हळूहळू कमी झालं. तिने पुन्हा फवारा दिला. पुन्हा. होडी लाटेवर चढली आणि उतरली. मर्व्हने कशीतरी स्वतःची होडी जवळ आणून क्लॅरीच्या काठाला हाताने धरून ठेवली होती. ग्लेनिस क्लॅरीच्या गळ्याच्या खळीकडे बघत होती. प्रत्येक श्वासाला ती आत ओढली जात होती, खोल, एखाद्याने अंगठा दाबावा तशी. मग जरा कमी. मग अजून जरा कमी. खांदे कानांवरून उतरले. ओठांवर आधी राखाडी, मग गुलाबी रंग आला.

क्लॅरीने बाटली तोंडातून काढली आणि तिच्याकडे पाहिलं. "दुधाची बाटली," तो म्हणाला.

"माझी चूक झाली," ग्लेनिस म्हणाली. तिला ते गोलगोल सांगता आलं असतं, पण गुडघ्यातून रक्त येत असताना माणूस सरळ बोलतो. "सकाळी पंप धुतले तेव्हा तुमची नळकांडी माझ्या सरावाच्या पंपात गेली. तुमच्या हातात होता त्यात औषधच नव्हतं. नुसती हवा."

क्लॅरीने हे सावकाश पचवलं. "म्हणजे मी तो दम रोखून बसलो..."

"हो."

"बोटांवर मोजत."

"हो."

"हवेसाठी."

"हो. पण क्लॅरी, केलंत ते अगदी बरोबर केलंत."

क्लॅरीने समुद्राकडे पाहिलं आणि जी शिवी दिली ती लिहिण्यासारखी नाही, पण ती एका दमात दिली, आणि ग्लेनिसला त्याचा आनंद झाला. थोड्या वेळाने त्याने दोन्ही हात पुढे धरले. बोटं तारेसारखी थरथरत होती.

"हे काय? झटका येतोय का मला?"

"नाही. औषधानेच होतं ते, थोड्या वेळाने थांबेल. आजवर झालं नाही कारण आजवर ते आत कधी पोचलंच नाही. आज पहिल्यांदा पोचलंय, आणि तेही भरपूर."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं तुम्ही ते समुद्रपक्ष्यांना दिलंत."

मर्व्ह खाली मान घालून हसला आणि त्यातच खोकला.

अर्धवट ओढलेला पिंजरा सोडून यायला क्लॅरी तयार नव्हता. शेवटी ग्लेनिसने तो ओढला. आत एकच शेवंड निघालं, तेही कायद्याच्या मापापेक्षा लहान. ते परत पाण्यात सोडावं लागलं. मग दोन्ही होड्या बांधून ते खाडीत आले.

धक्क्यावर सगळं गाव होतं. पुढे रॉस स्ट्रेचर घेऊन, मागे बोलिंग क्लबाची मंडळी पांढऱ्या कपड्यांत, आणि मध्ये डल्सी, काळा स्वेटर घालून, हातात फडक्याने झाकलेलं भांडं घेऊन. तिने क्लॅरीला होडीत ताठ बसलेलं पाहिलं आणि भांडं शेजारणीच्या हातात दिलं.

"तू मेला होतास," ती त्याला म्हणाली. आवाजात थोडी तक्रार होती.

"कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणत होते."

ग्लेनिस धक्क्यावर चढली. तिच्या अंगाला आमिषाचा वास येत होता, गुडघा फुटला होता आणि केसांत काय होतं ते तिला जाणून घ्यायचं नव्हतं. तिने सगळ्यांसमोर सांगितलं, चूक कुणाची ते. पंप दिसायला सारखे केले कुणी, ठिपका चुकीच्या जागी दिला कुणी. डल्सीचं नाव तिने घेतलं नाही. तरी डल्सी पांढरी पडली. एवढी बातमी जवळ असून डल्सी एक शब्द बोलली नाही, असं गॅनेट बेमध्ये पहिल्यांदाच घडलं.

"आजच होबार्टला वरच्यांना कळवते मी," ग्लेनिस म्हणाली. "त्यांना काय करायचं ते करू दे. आणि ज्यांना उद्यापासून माझ्याकडे यायचं नसेल त्यांनी येऊ नका."

रॉसने स्ट्रेचर खाली टेकवलं. "तुझ्याकडे नाही तर कुणाकडे जाणार?" तो म्हणाला. "डोंगरापलीकडे जायला पेट्रोल जळतं."

इतक्यात कुणाचं तरी लक्ष क्लॅरीच्या हातांकडे गेलं. ते अजून थरथरत होते. गर्दीतून कुजबूज झाली आणि क्लॅरी नको नको म्हणत असताना चार जणांनी त्याला स्ट्रेचरवर आडवा करून पट्टे आवळले. ग्लेनिसने ते होऊ दिलं. इस्पितळात तपासून घ्यायला हवंच होतं, आणि क्लॅरीला तिकडे न्यायचा दुसरा मार्ग तिला ठाऊक नव्हता.

ती मागे त्याच्याजवळ बसली. रुग्णवाहिका डोंगर चढू लागली. क्लॅरी छताकडे बघत होता. त्याने एक लांब श्वास घेतला, सोडला. अजून एक घेतला. इतका लांब श्वास आपल्यात आहे याचं त्याला नवल वाटत होतं. वळणावर खालचा समुद्र दिसला तेव्हा त्याने डोळे मिटले आणि ग्लेनिसचा हात पकडला.

"पोरी, एक सांगू?"

"सांगा ना, क्लॅरी." सकाळपासून तिने ज्या शब्दांची वाट पाहिली होती, ते आता येणार असं तिला वाटलं.

"मी सिगारेट सोडली ना," क्लॅरी म्हणाला, "ती काही तुम्ही लोक सांगत होतात म्हणून नाही. ओढायलाच दम पुरेना, म्हणून सुटली." त्याने आणखी एक श्वास घेतला, छाती भरून, आणि चवीने सोडला. "हा एवढा जर रोज येणार असेल, तर आता एखादी जमेल."